सकाळी निघून संध्याकाळी घरी

आम्ही सणसवाडीच्या बायका. आज तुमच्याशी फिरण्याबद्दल बोलणार आहोत. परदेशच्या सहलीबद्दल नाही आणि चारधामाबद्दलही नाही. सकाळी डबा भरून निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं, एवढ्याच फिरण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, यात रेडिओवर सांगण्यासारखं काय आहे? तर आपल्या गावात आठ-दहा वर्षं राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारून बघा, "इथं जवळपास काय काय पाहिलंस?" बहुतेकींचं उत्तर एकच येतं. रांजणगावचा गणपती. तोही कधी? गावाकडून पाहुणे आले, त्यांना दर्शनाला न्यायचं होतं, तेव्हा. म्हणजे पाहुण्यांसाठी आपण गेलो. आपल्यासाठी आपण कुठं गेलो, असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात.

आमच्यात काही इथल्याच घरांतल्या सुना आहेत, काही बाहेरून आलेल्या. कुणाचं माहेर लातूरकडचं, कुणी बीडची, कुणी बुलढाण्याची, तर कुणी पार उत्तर प्रदेशातून आलेली. नवऱ्याला कंपनीत काम लागलं, भाड्याची एक खोली घेतली, मुलं शाळेत घातली. दिवस पाण्याच्या वेळेवर आणि शिफ्टच्या वेळेवर चालतो. घरातला माणूस रात्रपाळी करून झोपला असेल तर मोठ्यानं बोलायचीसुद्धा चोरी. इथल्या सुनांचं तरी काय वेगळं? शेत, गोठा, भाडेकरूंच्या खोल्या, सासू-सासऱ्यांची औषधं. दोघींनाही गाव म्हणजे किराणा दुकान, शाळा, दवाखाना आणि हायवे.

युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. त्या देशात माणसं राहतात अशी दोनशेच्या वर लहान-मोठी बेटं आहेत. तिथं शेजारच्या बेटावर जाऊन त्याच दिवशी परत यायचं तर आधी बोटीची वेळ बघावी लागते. शेवटची बोट चुकली की मुक्काम पडला. आम्हाला वाटतं, आपलीही तऱ्हा थोडी तशीच आहे. आपल्याभोवती समुद्र नाही, पण एका बाजूला कंटेनरनं भरलेला पुणे-नगर रस्ता आणि बाकी बाजूंना कंपन्यांच्या भिंती. फरक इतकाच, की आपल्या बेटावरून बाहेर न्यायला दिवसभर एसटी आहे, वडाप आहे. जायचं मनात आणलं पाहिजे.

आम्ही सात-आठ जणींनी ते मनात आणलं. महिन्यातून एक दिवस ठरवला. आता कुठं कुठं गेलो आणि काय काय पाहिलं, ते सांगतो.

सुरुवात अर्ध्या दिवसापासून करा. कोरेगाव भीमाहून चार-पाच किलोमीटरवर वढू बुद्रुक आहे. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी तिथं आहे. तिथून भीमेच्या काठानं तुळापूर जवळ पडतं. तुळापूरला भीमा आणि इंद्रायणी एकत्र येतात. संगमावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे. औरंगजेबाच्या हुकमानं ११ मार्च १६८९ रोजी महाराजांना ठार मारलं, ते याच नदीकाठी. त्यांच्याबरोबर कवी कलशही गेले. फाल्गुनातल्या अमावास्येला इथं मोठी गर्दी असते. शांतपणे बघायचं असेल तर साधा वार निवडा.

संगमावर बसल्यावर आमच्यातल्या एकीनं विचारलं, "मग येसूबाईंचं काय झालं?" समाधीपुढे सगळ्या हात जोडतात, पण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. महाराज गेले त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूंसह कैद झाल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई सुटल्या त्या १७१९ मध्ये. म्हणजे तीस वर्षं! आमच्यातल्या काहींचं अजून तेवढं वयसुद्धा नाही. पुस्तकात हे वाचलेलं होतं, पण नदीकाठी बसून ते वर्षांचं गणित बोटांवर केलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या.

त्याच दिवशी परतताना आम्ही पेरण्याचा जयस्तंभही पाहिला. कोरेगावच्या अलीकडे, भीमेच्या पुण्याकडच्या काठाला तो आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून इंग्रजांनी तो उभारला. लढाईत पडलेल्या सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत, त्यांत महार सैनिकांची नावं बरीच आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी इथं आले होते. आता दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं मानवंदना द्यायला येतात, रस्त्याची वाहतूक वळवलेली असते.

२०१८ च्या १ जानेवारीला या भागात जे घडलं ते आपण कुणी विसरलेलो नाही. सणसवाडीचं नाव तेव्हा देशभरच्या बातम्यांत गेलं. गावाकडून फोन आले, "तुम्ही ठीक आहात ना?" दारं बंद करून मुलांना जवळ घेऊन बसलेल्या बायका सगळ्याच समाजांतल्या होत्या. आमच्या गटातही सगळ्या समाजांतल्या बायका आहेत. वढू, तुळापूर आणि पेरणे आम्ही एकाच दिवशी, एकाच गाडीत बसून पाहिलं. कुणी भाषण केलं नाही. स्तंभाजवळ एकीनं दुसरीला विचारलं, तुमच्या घरी या दिवशी काय करतात? तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, तुमच्याकडे अमावास्येला काय करतात? तिनंही सांगितलं. वर्षानुवर्षं एका नळावर पाणी भरणाऱ्या बायका त्या दिवशी पहिल्यांदा एवढं बोलल्या. आम्हाला विचाराल तर या फिरण्याची खरी कमाई ही आहे.

आता पूर्ण दिवसाची सहल. रांजणगाव आपल्यापासून वीसेक किलोमीटर. महागणपती अष्टविनायकांपैकी एक आहे. त्रिपुरासुराला मारण्याआधी शंकरानं इथं गणपतीची आराधना केली, अशी कथा आहे. दगडी गाभाऱ्याचं बांधकाम थोरल्या माधवराव पेशव्यांनी केलेलं. बहुतेकजणी दर्शन घेऊन लगेच परत फिरतात. आमचं म्हणणं, तिथून पुढे शिरूरला जा आणि शिरूरहून निघोजला. निघोज पारनेर तालुक्यात, शिरूरहून पंचवीसएक किलोमीटर. तिथल्या कुकडी नदीतली रांजणखळगी बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि आपण मात्र तासाभराच्या अंतरावर राहून ती बघत नाही.

रांजणखळगी म्हणजे काय? नदीचं पात्र काळ्या पाषाणाचं आहे. पुराच्या पाण्याबरोबर गोटे येतात, खडकातल्या लहान खळग्यात अडकतात आणि भोवऱ्यात गरगर फिरत राहतात. जात्यात दाणे फिरावेत तसे. फिरता फिरता खडक झिजतो, खळगा खोल होतो. हजारो वर्षं हे चालल्यावर रांजणाएवढे आणि त्याहूनही मोठे खड्डे तयार झाले. काही खळग्यांच्या तळाशी ते गोटे अजून दिसतात. एका काठाला निघोज, पलीकडच्या काठाला आपल्याच शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. मळगंगा देवीचं देऊळ आहे.

मात्र एक गोष्ट नीट ऐका. पावसाळ्यात, किंवा नदीला वरून पाणी सोडलेलं असताना तिथं खाली उतरायचं नाही. खडक गुळगुळीत असतो, खळगे खोल आहेत आणि पोहता येणाऱ्यालाही त्यातून बाहेर येणं अवघड. मुलं बरोबर असतील तर एका मुलामागे एक बाई, असं आधीच वाटून घ्या. फोटो काढायला काठावर मागे मागे सरकू नका. हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात, हे दिवस सगळ्यांत चांगले.

तिसरी दिशा पाबळची. शिकरापूरहून पाबळला रस्ता जातो. पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ मुंबईतलं संशोधनाचं काम सोडून इथं आले आणि १९८३ मध्ये त्यांनी हा आश्रम सुरू केला. पुस्तकी शिक्षणात मागे पडलेल्या मुलामुलींनी हातानं काम करत शिकावं, हा विचार. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, सगळं तिथं शिकवतात. दहावीत अडकलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर त्यांना नक्की बरोबर न्या. आधी फोन करून विचारून मगच जा, कारण ती शिकण्याची जागा आहे.

पाबळलाच मस्तानीची कबर आहे. पाबळ हे गाव बाजीराव पेशव्यांनी मस्तानीला दिलं होतं. १७४० मध्ये बाजीराव गेले आणि त्यामागोमाग मस्तानीही गेली. सिनेमात तिचे महाल आणि झुंबरं बघितलेल्या आमच्या मुली तिथं जाऊन म्हणाल्या, "एवढंच?" हो, एवढंच. साधी दगडी जागा. पण ज्या बाईला पेशव्यांच्या घरानं आपलं म्हटलं नाही, तिला या गावानं जागा दिली, हे मुलींना तिथंच सांगता आलं.

त्याच बाजूला, कान्हूर मेसाईच्या आसपास मोराची चिंचोली आहे. चिंचांची झाडं आणि त्यांवरचे मोर, यावरूनच गावाची ओळख. मोर बघायचे तर पहाटे पोचायला हवं, नाहीतर ऊन उतरल्यावर. भर दुपारी गेलात तर मोर सावलीत आणि तुम्ही उन्हात! पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात मोर नाचतो. पावसाळा सरला की पिसारा झडतो, म्हणून दिवाळीत गेलेल्यांची निराशा होते. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी कृषी पर्यटन सुरू केलंय, घरचं जेवण मिळतं, थंडीत हुरडा मिळतो. दर आधी फोनवर विचारून घ्या. आणि मुलांना सांगून ठेवा, मोरामागे पळायचं नाही, दगड मारायचा नाही.

चौथी दिशा दौंडची, आणि ही आमची सर्वांत आवडती. शिकरापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे असं करत, पारगावचा पूल ओलांडून चौफुल्याकडे जायचं. तिथून केडगाव जवळ. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं. जन्म १८५८ चा. वडिलांनी, लोकांचा विरोध पत्करून, आधी बायकोला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. आई-वडील दुष्काळात उपासमारीनं गेले. ही मुलगी भावाबरोबर पायी देशभर हिंडली. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता म्हणून मान दिला. पुढे नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आल्या, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला वस्ती उभी राहिली. इथल्या मुली शेती करायच्या, विणकाम करायच्या, छापखाना चालवायच्या. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या आणि त्यांनी बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्या गेल्या. काम आजही चालू आहे.

तिथं जाताना लक्षात ठेवा, ते बायकांचं आणि मुलांचं राहतं घर आहे. आधी परवानगी घ्या, कुणाचे फोटो काढू नका, "तुझं काय झालं, तू इथं कशी?" असं कुणाला विचारू नका. आपल्याला कुणी विचारलेलं चालतं का?

केडगावहून सोलापूर रस्त्यानं परत पुण्याकडे निघालं की यवत लागतं आणि यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वर. देऊळ यादवांच्या काळातलं मानतात. आत अंधार असतो, डोळे सरावले की भिंतींवरची शिल्पं दिसायला लागतात. त्यांत बाईच्या रूपातला गणपती आहे, साडीचोळीतली गणेशाची मूर्ती म्हणा ना. तो सापडेपर्यंत आम्ही खांबाखांबाशी शोधत होतो. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं गणपतीला आरती करतेय, हे रूप आज कळलं." बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत. तरी जे शिल्लक आहे ते बघायला दोन तासही पुरत नाहीत.

आणि थेऊर. लोणीकंद, केसनंदवरून थेऊरला जाता येतं. चिंतामणीचं दर्शन सगळे घेतात. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयानं गेले, ते इथंच. वय अवघं सत्तावीस. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचं स्मारक आहे. तिथं हात जोडताना आमच्यात एक वाद झाला. एकीचं म्हणणं, केवढी निष्ठा. दुसरीचं म्हणणं, केवढी तरुण पोर, जगायला हवी होती. वाद मिटला नाही, मिटायची गरजही नव्हती. पण केडगावच्या रमाबाई आणि थेऊरच्या रमाबाई, दोघीही तरुणपणी विधवा झालेल्या. दोन्ही ठिकाणं आपल्या घरापासून एका दिवसाच्या आत आहेत. आपल्या मुलींना दोन्ही दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते त्यांना बोलू द्या.

आता खर्चाचं आणि घरच्यांचं. बायका अडतात त्या तिथंच.

पैसे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना तर प्रवास फुकट. सासूबाईंचं आधार कार्ड पिशवीत ठेवा. आम्ही प्रत्येकी महिन्याला शंभर रुपये वेगळे काढतो. जिथं एसटी थेट जात नाही तिथं आठ जणींत एक गाडी ठरवतो. भाडं, थांबे आणि परतीची वेळ आधीच बोलून कागदावर लिहून घेतो. जेवण घरचं. भाकरी, ठेचा, चटणी, दही, कांदा. बाहेरचा फक्त चहा.

परवानगी. "कशाला जायचं? देवाला का?" असं घरात विचारतात. देवाला म्हटलं की लगेच हो येतं, नुसतं बघायला म्हटलं की कपाळावर आठी. पहिल्या वेळी आम्हीही देवाचंच नाव सांगून रांजणगावला गेलो. दुसऱ्या वेळी दोन सासूबाईंना बरोबर घेतलं. तिसऱ्या वेळी त्या सासूबाईच विचारायला लागल्या, "आता कधी?" मुलांची शाळा सुटायच्या आत परत येता आलं नाही तर त्या दिवशी न येणाऱ्या दोघी मुलांना सांभाळतात. पुढच्या वेळी त्यांचा नंबर जायचा.

बाथरूम. हे कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. बाथरूम नसेल या भीतीनं बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी आजारी पडतात. निघण्याआधी वाटेतला पेट्रोल पंप, एसटी स्टँड, मोठं हॉटेल कुठं आहे ते माहीत करून घ्या. मोठ्या देवळांजवळ बहुधा सोय असते, नदीकाठी नसते. पाणी भरपूर प्या. कुणाची पाळी आली असेल तर ती येणारच. देवळात जायचं की बाहेर झाडाखाली बसायचं, ते तिचं तिनं ठरवावं. तिला कुणी काही म्हणायचं नाही, हा आमचा नियम.

मैत्रिणींनो, एक दिवस बाहेर गेल्यानं घरातलं काम कमी होत नाही. दुसऱ्या दिवशी धुण्याचा ढीग दुप्पट असतो. तरी आमच्यात एक बदल झालाय. लातूरकडची आमची मैत्रीण, आठ वर्षं इथं राहून "मी इकडची नाही" असंच म्हणायची. परवा तिची बहीण आली, तर हीच तिला निघोजला घेऊन गेली. कुठं उतरायचं, कुठं जपून चालायचं, मळगंगेची वाट कुठली, सगळं हिनं सांगितलं. बहीण म्हणाली, "तुला तर इथलं सगळं ठाऊक आहे गं." ती आम्हाला हे सांगताना हसत होती. भाड्याची खोली कधीही बदलावी लागते. पण ज्या गावाच्या आजूबाजूचे रस्ते आपण स्वतः बघितले, त्या गावात आपण उपरे राहत नाही.

तर या महिन्यात एक दिवस ठरवा. आठ जणी जमल्या नाहीत तर तिघी चला. लांब जमत नसेल तर तुळापूर गाठा. संगमावर बसा, डबा उघडा, पाणी बघा. आणि उन्हं उतरली की घरी या.

येतो आम्ही. नमस्कार.